माझ्दा आरएक्स-७ एफडी : व्हॅक्यूम पाइपांचं जंजाळ आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, टप्प्याटप्प्याने

एफडी, म्हणजे माझ्दा आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारची तिसरी पिढी, भारतात अधिकृतपणे कधी विकायला आलीच नाही. मराठी माणसाच्या हाती ही गाडी पडते ती बहुतेक ऑकलंड, मेलबर्न, लंडन किंवा न्यू जर्सीत, आणि पडते ती जुनीच. मग लवकरच एक ओळखीची तक्रार सुरू होते: खाली बरी ओढते, साडेचार हजार आरपीएमनंतर मात्र काहीतरी अडतं. गॅरेजवाला बॉनेट उचलतो, इनटेकखाली डोकावतो आणि म्हणतो, "हे सगळं काढून टाका, दोन्ही टर्बो एकदम चालवा."

या सल्ल्याला माझा विरोध नाही, घाईला आहे. इनटेकखालच्या त्या पाइपांतले साधारण अर्धे गाडी पळवायला लागत नाहीत हे खरं. पण उरलेले अर्धे काढले तर गाडीचा स्वभावच बदलतो, आणि चुकीचा एखादा काढला तर रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरांवर चालणारं) इंजिन फुटतं. म्हणून आधी कोणता पाइप कशासाठी आहे ते समजून घ्यायचं, आणि मगच कात्री हातात घ्यायची.

यंत्रणा काय करते

या गाडीचं इंजिन १३बी-आरईडब्ल्यू. ६५४ सीसीचे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी. १९९१ साली गाडी आली तेव्हा जपानात ताकद २५५ पीएस होती. १९९९ पासून वरच्या मॉडेलांना २८० मिळाली. एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे हिताचीचे दोन टर्बो आहेत, पण ते एका वेळी सुरू होत नाहीत. एकामागून एक चालण्याच्या या मांडणीलाच सीक्वेन्शियल म्हणतात. साधारण ४५०० आरपीएमपर्यंत इंजिनाला हवा देतो तो फक्त पहिला टर्बो. सगळा एक्झॉस्ट त्याच्यावरच जात असल्याने तो लवकर फिरायला लागतो. त्यानंतर दुसरा सामील होतो. मूळ अवस्थेत बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) आलेख १०-८-१० असा: पहिल्या टर्बोवर १० पीएसआय, बदलाच्या क्षणी खाली ८ पर्यंत, आणि दोन्ही मिळून पुन्हा १०. मीटर बारमध्ये असेल तर ०.७ आणि ०.५५ च्या आसपास.

हा बदल पाच गोष्टी मिळून घडवतात, आणि पुढचं सगळं काम त्यांच्याभोवतीच आहे.

टर्बो कंट्रोल हे एक्झॉस्टच्या बाजूचं दार. ते बंद असेल तोवर दुसऱ्या टर्बोला एक्झॉस्ट मिळत नाही. त्याच्या अ‍ॅक्च्युएटरला (दाराची दांडी हलवणाऱ्या डबीला) दोन नळ्या असतात. एका बाजूचा व्हॅक्यूम दार बंद धरून ठेवतो, दुसऱ्या बाजूचा दाब योग्य वेळी ते ढकलून उघडतो.

चार्ज कंट्रोल ही हवेच्या बाजूची झडप, दुसऱ्या टर्बोच्या तोंडाशी असलेली. व्हॅक्यूम मिळाला की ती बंद होते, व्हॅक्यूम सुटला की स्प्रिंग तिला उघडते. ती बंद नसेल तर पहिल्या टर्बोने दाबलेली हवा थांबलेल्या दुसऱ्या टर्बोतून उलटी निघून जाते.

प्री-कंट्रोल हे छोटं दार. बदलाच्या जरा आधी ते थोडा एक्झॉस्ट दुसऱ्या टर्बोकडे सोडतं, म्हणजे वेळ आली की तो आधीच फिरत असतो. त्या वेळी दुसरा टर्बो दाबत असलेल्या हवेला कुठेतरी जायला हवं, कारण पुढची झडप अजून बंद आहे. तिला वाट देतो तो चार्ज रिलीफ व्हॉल्व्ह. पाचवा वेस्टगेट. तो शेवटचा बूस्ट आवरतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टर्बो दाबायला लागला की मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलनंतर इंजिनाला हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम उरतच नाही, पण दोन झडपा बंद धरायला तर नेमका तेव्हाच व्हॅक्यूम हवा असतो. म्हणून माझ्दाने व्हॅक्यूमची एक टाकी बसवली. गाडी आयडलवर किंवा हलक्या थ्रॉटलवर असताना ती भरून ठेवायची, आणि दाराशी वन-वे व्हॉल्व्ह लावायचा, म्हणजे बूस्ट आला तरी साठा सुटत नाही. तशीच एक दाबाची टाकी, टर्बो कंट्रोलचं दार ढकलायला. या दोन टाक्या आणि त्यांचे वन-वे व्हॉल्व्ह हे जंजाळातले सगळ्यात स्वस्त भाग. सीक्वेन्शियल बिघडण्यामागे बरेचदा तेच निघतात. एखादा वन-वे व्हॉल्व्ह म्हातारा होऊन दोन्हीकडून हवा सोडायला लागतो, टाकी रिकामी होते, आणि मालक टर्बो बदलण्याचा हिशोब करत बसतो.

काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं

कागदावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात वरच्या पाच गोष्टी, त्यांचे सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा), दोन टाक्या, वन-वे व्हॉल्व्ह, आणि वेस्टगेट व प्री-कंट्रोलच्या पाइपांत असलेली बारीक भोकाची छोटी बुचं, ज्यांना मालक मंडळी पिल म्हणतात. सीक्वेन्शियल ठेवायचं असेल तर यातलं काहीही काढायचं नाही.

दुसऱ्यात मॅनिफोल्डचा दाब ओळखून चालणारे भाग: बूस्ट सेन्सर, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, ब्रेक बूस्टर. हे राहणारच. फक्त त्यांचा मार्ग सरळ करता येतो. उदाहरणार्थ, रेग्युलेटरच्या पाइपात मध्ये एक सोलेनॉइड असतो, गरम इंजिन पुन्हा सुरू करताना इंधनाचा दाब वाढवण्यासाठी. तो वगळून रेग्युलेटर थेट मॅनिफोल्डला जोडला तर भर उन्हात स्टार्टर क्षणभर जास्त फिरवावा लागेल, पण बूस्टमध्ये इंधनाचा दाब नक्की वाढेल. मला हा सौदा मान्य आहे.

ऑइल मीटरिंगच्या (रोटरना वंगण देणाऱ्या) नोझलना जाणाऱ्या बारीक हवेच्या नळ्याही याच रकान्यात लिहा. त्या कॅप लावून बंद करायच्या नाहीत आणि दुसरीकडे जोडायच्याही नाहीत. मूळ आकृतीत जिथे जातात तिथेच राहू द्या.

तिसऱ्या रकान्यात प्रदूषण आणि थंड इंजिनाशी संबंधित मंडळी: ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असेल तर त्याचा सोलेनॉइड, चारकोल कॅनिस्टरचा पर्ज (पेट्रोलची साठवलेली वाफ इंजिनात सोडणारा मार्ग), एअर पंपाच्या हवेची वाटणी करणारे सोलेनॉइड, आणि दुहेरी थ्रॉटलचा अ‍ॅक्च्युएटर. 'सोपं करणं' म्हणतात ते मुख्यतः याच रकान्याबद्दल.

पण इथे कायदा आडवा येतो. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीची प्रदूषण-नियंत्रणाची उपकरणं काढणं केंद्रीय क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी लागते आणि तिथे पाइपांची रचनाही नजरेने तपासतात. इतर देशांत नियम वेगळे आहेत, ते आपापल्या तपासणी केंद्रात आधी विचारा. गाडी रोज रस्त्यावर जाणार असेल तर तिसरा रकाना तसाच ठेवून फक्त सगळे पाइप आणि वन-वे व्हॉल्व्ह नवे करा. तेवढ्यानेही बहुतेकांची तक्रार मिटते. फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी रकाना रिकामा करायला हरकत नाही.

एक तांत्रिक कारणही आहे. मुख्य कॅटलिटिक कन्व्हर्टर अजून जागेवर असेल तर एअर पंप काढू नका. रोटरीचा एक्झॉस्ट इंधनाने समृद्ध असतो. पंपाची हवा मिळाली नाही की कॅट भयंकर तापतो, आतून ढासळतो आणि तुंबतो. तुंबलेला कॅट म्हणजे टर्बोंच्या मागे अडसर, आणि मग तुम्ही पुन्हा बूस्टची तक्रार घेऊन पाइपांत शोधत बसणार.

सामान

४ मिमी आतला व्यास असलेला सिलिकॉन होज साधारण १५ मीटर, ६ मिमीचा थोडा. भिंत जाड हवी. पातळ होज वळणावर चपटा होतो आणि व्हॅक्यूममध्ये आत ओढला जातो. शक्य असल्यास दोन-तीन रंग घ्या: व्हॅक्यूमला एक, दाबाला दुसरा, सेन्सरना तिसरा. दिसायला भडक वाटेल, पण पुढच्या वेळी टॉर्च धरून शोधताना डोकं शांत राहतं. सिलिकॉन पेट्रोल किंवा तेलाच्या वाफेला टिकत नाही, म्हणून पीसीव्ही (इंजिनातली तेलाची वाफ काढणारा मार्ग) आणि पर्जच्या मार्गावर मूळ प्रकारचाच रबरी होज वापरा.

याशिवाय नवे वन-वे व्हॉल्व्ह, चांगल्या प्रतीच्या टोप्या, छोटे झिपटाय, इनटेक मॅनिफोल्डचं नवं गॅस्केट, आणि घड्याळ असलेला हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप. या कामात हा पंपच तुमचे डोळे आहेत. स्वस्तातला चालेल, पण घ्याच.

खोलणं

आधी गाडी जशी आहे तशी चालवून नोंद करा: आयडलवर व्हॅक्यूम किती, तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट कसा चढतो, बदलाच्या क्षणी किती पडतो. ही नोंद नसेल तर नंतर सुधारणा झाली की बिघाड, हे सांगता येत नाही. मूळ पोर्टचं निरोगी इंजिन आयडलवर १६ ते १८ इंच पारा दाखवतं. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर आधी कॉम्प्रेशन तपासा. दमलेल्या इंजिनावर नवे पाइप चढवण्यात अर्थ नाही.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरी सोडा, इंधनाचा दाब उतरवा. इनटेक एल्बो, थ्रॉटल केबल, कनेक्टर, थ्रॉटल बॉडीचे कूलंट होज सोडवून वरचा इनटेक मॅनिफोल्ड उचला. उघड्या पोर्टांत लगेच स्वच्छ फडके कोंबा. इथे एक नट आत पडला तर सगळा दिवस त्यातच जातो. तीस वर्षं उष्णतेत भाजलेल्या कनेक्टरच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात. त्या हलक्या हाताने सोडवा आणि प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. फोटो काढा, भरपूर काढा, वेगवेगळ्या कोनांतून.

मॅनिफोल्ड निघालाच आहे तर प्रायमरी फ्युएल रेलवरचा पल्सेशन डॅम्पर (इंधनाच्या दाबाचे धक्के शोषणारा भाग) नीट बघा. त्याच्या पडद्याला भेग गेली की पेट्रोल थेट गरम इंजिनावर गळतं. एफडीला आग लागण्याच्या ज्ञात कारणांपैकी हे एक आहे. मधोमधच्या स्क्रूभोवती ओलसरपणा किंवा पेट्रोलचा वास असेल तर डॅम्पर बदला. वास नसला तरी मी बदलायचाच सल्ला देईन, कारण पुन्हा इथपर्यंत पोहोचणं सोपं नाही. इंधनाचे जुने होजही याच वेळी.

आता सोलेनॉइडची रॅक, जिला परदेशातले मालक 'रॅट्स नेस्ट' म्हणतात, ती अख्खी बाहेर काढून टेबलावर ठेवा. गाडीत वाकून एकेक पाइप बदलण्यापेक्षा हे फार बरं. जुने पाइप ओढू नका. धातूच्या बारीक नळ्या वाकतात आणि सोलेनॉइडची प्लास्टिकची नाकं मोडतात. ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन सोलून काढा. प्रत्येक जुना पाइप टाकण्याआधी बोटांनी चाचपा. वेस्टगेट आणि प्री-कंट्रोलच्या पिल आतच अडकलेल्या असतात आणि जुन्या पाइपासोबत कचऱ्यात जातात. पिल हरवली की अ‍ॅक्च्युएटरला जास्त दाब मिळतो आणि बूस्ट कमी राहतो. उलट, भोक तुंबलं किंवा लहान झालं तर बूस्ट चढतो, आणि ते जास्त धोक्याचं.

टेबलावरची तपासणी

हा टप्पा लोक गाळतात. नवे रंगीत पाइप घालून सगळं चकाचक करतात आणि आत तोच मेलेला सोलेनॉइड राहतो.

वन-वे व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघा. एका बाजूने सहज हवा जावी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. 'थोडीशी जाते' म्हणजे तो गेला. नवे घेतले असतील तरी फुंकून पाहा, आणि कोणत्या बाजूने बसवायचा ते जुना काढण्याआधी टिपून ठेवा.

सोलेनॉइडला १२ व्होल्ट देऊन बघा. नुसता टक आवाज पुरेसा नाही. वीज असताना आणि नसताना हवा कोणत्या नळीतून कोणत्या नळीत जाते हे फुंकून ताडा. प्रत्येक सोलेनॉइडला एक श्वास घेण्याचं तोंड असतं, तिथे छोटा फिल्टर असतो. तो धुळीने गच्च झाला की सोलेनॉइड चांगला असूनही झडप वेळेवर सुटत नाही.

अ‍ॅक्च्युएटर गाडीवरच तपासता येतात. चार्ज कंट्रोलला पंप लावून व्हॅक्यूम द्या. दांडी आत ओढली गेली पाहिजे आणि अर्धा मिनिट तिथेच राहिली पाहिजे. काटा हळूहळू पडत असेल तर आतला पडदा फाटला आहे. टर्बो कंट्रोलच्या व्हॅक्यूमच्या बाजूलाही हीच परीक्षा. दुसऱ्या बाजूला हलका दाब देऊन दांडी मोकळी हलते का ते पाहा. गंजून जाम झालेलं दार पाइप बदलून सुटत नाही. शेवटी दोन्ही टाक्या: व्हॅक्यूम भरा, चहा घेऊन या, काटा जागेवर असेल तर टाकी ठीक.

पुन्हा जोडणी

क्रम असा ठेवा. आधी व्हॅक्यूमची साखळी: मॅनिफोल्ड, वन-वे व्हॉल्व्ह, टाकी, तिथून सोलेनॉइड, तिथून अ‍ॅक्च्युएटर. मग दाबाची साखळी, थ्रॉटलच्या आधीच्या बाजूने घेतलेली, पुन्हा वन-वे व्हॉल्व्ह, टाकी, सोलेनॉइड. मग वेस्टगेट आणि प्री-कंट्रोल, पिलसह. प्रत्येक साखळी पूर्ण झाली की पंप लावून ती तिथल्या तिथे तपासा. सगळं जोडून झाल्यावर गळती शोधणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बूस्ट सेन्सरला स्वतःचा स्वतंत्र पाइप द्या. त्यावर मीटर, रेग्युलेटर, काहीही टी मारून जोडू नका. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डचा दाब वाचून इंधन ठरवतो. तो पाइप निसटला किंवा त्यात हवा घुसली तर ईसीयूला बूस्ट दिसतच नाही आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पातळ मिश्रण, वर बूस्ट, म्हणजे डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट), म्हणजे तुटलेले एपेक्स सील, रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या. इतर पाइपांना झिपटाय विसरलात तर एखादवेळ चालून जाईल, या पाइपाला विसरू नका.

तिसऱ्या रकान्यातलं काही काढलं असेल तर रिकामी तोंडं बंद करा. साध्या रबरी टोप्या मॅनिफोल्डवर काही महिन्यांत तडकतात. सिलिकॉनच्या जाड टोप्या वापरा आणि त्यांनाही झिपटाय बांधा. एअर पंपाची हवा वाटणारा एअर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि ईजीआर काढलं तर टोपीने भागत नाही, धातूची प्लेट आणि गॅस्केट लागतं. दुहेरी थ्रॉटलचा अ‍ॅक्च्युएटर काढलात तर त्या जादा झडपा पूर्ण उघड्या राहतात ना, हे हाताने हलवून खात्री करा.

आता वीज. पाइप काढले म्हणून सोलेनॉइडची वायर तोडू नका. मूळ ईसीयू सर्किट तपासतो आणि ते उघडं दिसलं की दोष नोंदवतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे निकामी झालेला सोलेनॉइड वायरला तसाच लावून एका बाजूला बांधून ठेवायचा. जागा हवी असेल तर त्याऐवजी रेझिस्टर लावतात. सर्वत्र सल्ला ३३० ओहम, अर्धा वॉट असा मिळतो. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं, आणि १४ व्होल्टला ३३० ओहममधून साधारण ०.६ वॉट उष्णता निघते. म्हणून १ किंवा २ वॉटचा घ्या, फरक काही पैशांचा आहे. अपेक्सीचा पॉवर एफसी यांसारखा ईसीयू बसवला असेल तर ही कटकट बरीच कमी होते.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह

थ्रॉटल बंद केल्यावर अडकलेल्या दाबाला वाट द्यायची, एवढंच त्याचं काम. ती वाट नसेल तर हवा कॉम्प्रेसरवर उलटी आदळते. तो फडफडाट ज्यांना ऐकायला आवडतो त्यांनी टर्बोचे बेअरिंगही जवळ बाळगावेत.

सीक्वेन्शियल एफडीत गोंधळ होतो कारण ब्लो-ऑफ आणि चार्ज रिलीफ एकमेकांच्या जवळ बसतात आणि दिसायला सारखेच. काम मात्र पूर्ण वेगळं. ब्लो-ऑफ थ्रॉटलकडे जाणाऱ्या एकत्र हवेला वाट देतो, थ्रॉटल मिटल्यावर. चार्ज रिलीफ दुसऱ्या टर्बोच्या हवेला वाट देतो, तेही थ्रॉटल उघडा असताना, बदलाच्या आधी. नवा आफ्टरमार्केट व्हॉल्व्ह विकत घेऊन 'आता जुने दोन्ही नकोत' म्हणत दोघांनाही प्लेट मारणारे भेटतात. सीक्वेन्शियल ठेवून चार्ज रिलीफ बंद केला की दुसरा टर्बो बंद झडपेवर हवा कोंबत राहतो.

आफ्टरमार्केट व्हॉल्व्ह हवाच का? मूळ बूस्टवर मूळ व्हॉल्व्ह, पडदा शाबूत असेल तर, पुरतो. तो प्लास्टिकचा आहे. बूस्ट वाढवला की गळायला लागतो, तेव्हा बदला. हवा बाहेर सोडायची की परत इनटेकमध्ये, यावर वाद खूप होतात. एफडीपुरतं तांत्रिक उत्तर सोपं आहे: हवा मोजणारा सेन्सर नसल्याने बाहेर सोडली तरी मिश्रण बिघडत नाही. हाच सल्ला मित्सुबिशी जीटीओ किंवा निस्सान ३००झेडएक्स ट्विन टर्बोच्या मालकाने उचलू नये. तिथे सेन्सर आधीच मोजलेली हवा बाहेर गेली की ईसीयू तिच्यासाठीही इंधन टाकतो, आणि प्रत्येक गिअर बदलताना मिश्रण घट्ट होऊन गाडी अडखळते. माझ्या मते रस्त्यावरच्या एफडीतही हवा परतच सोडावी. शेजारी शांत झोपतात, आणि पुढचा मुद्दाही उद्भवत नाही.

तो मुद्दा असा. स्प्रिंग फार मऊ असेल तर आयडलवरच्या व्हॅक्यूमने व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. परतीच्या मांडणीत त्याने काही बिघडत नाही. बाहेर सोडण्याच्या मांडणीत मात्र तिथून फिल्टर न झालेली हवा आत ओढली जाते, धूळ थेट थ्रॉटलमधून रोटरपर्यंत. उलट, स्प्रिंग फार कडक असेल तर हलक्या थ्रॉटलवर व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि तो फडफडाट ऐकू येतो. म्हणून स्प्रिंग अशी निवडा की आयडलवर व्हॉल्व्ह मिटलेला राहील आणि अर्ध्या बूस्टवरून पाय काढला तरी उघडेल. समायोजनाचा स्क्रू असेल तर एका वेळी अर्धा फेरा, मग चाचणी.

इशाऱ्याचा पाइप थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून, आखूड, स्वतंत्र, आणि व्हॉल्व्हच्या नाकाला बसेल तेवढा जाड. लांब आणि बारीक पाइपाने व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, मग लोक स्प्रिंगला दोष देतात.

दाब देऊन तपासणी

मॅनिफोल्ड बसवण्याआधी शेवटचे फोटो काढा. बसवल्यावर टर्बोच्या इनलेटला टोपी लावून कॉम्प्रेसरने हवा भरा, १० पीएसआयपर्यंत, हळूहळू आणि रेग्युलेटर लावून. तेलाचं झाकण उघडं ठेवा. थोडी हवा इंजिनातून एक्झॉस्टकडे जाईलच, ती गळती नव्हे. बाकी प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. इंटरकूलरचे रबरी कप्लर, वाय पाइपचा सांधा आणि ब्लो-ऑफचा फ्लँज इथे बुडबुडे येण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

रस्त्यावर

इंजिन पूर्ण तापू द्या. पहिल्या फेरीत अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका, नजर मीटरवर. वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं मीटर) असेल तर उत्तम. नसेल तर बूस्टचं नीट मीटर तरी हवंच. मोकळा एक्झॉस्ट आणि मोकळा इनटेक बसवलेल्या गाडीत मूळ वेस्टगेटचं भोक कमी पडतं आणि बूस्ट वरवर सरकत जातो. पूर्वी गळक्या पाइपांमुळे जे झाकलेलं होतं, ते आता सगळं घट्ट झाल्यावर उघड होतं. १० च्या जागी १३-१४ दिसलं की लगेच पाय काढा. वेस्टगेटचं भोक मोठं करून घेतल्याशिवाय किंवा ईसीयू ट्यून केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मीटर काय सांगतो ते असं वाचा. ४५०० च्या आधी बूस्ट जेमतेम ६-७ आणि नंतर ठीक: चार्ज कंट्रोल नीट मिटत नाही, किंवा टर्बो कंट्रोलचं दार बंद धरायला व्हॅक्यूम पुरत नाही. म्हणजे व्हॅक्यूमच्या टाकीचा मार्ग आणि तिचा वन-वे व्हॉल्व्ह आधी बघा. ४५०० पर्यंत ठीक आणि मग बूस्ट कोसळतो आणि परत येत नाही: टर्बो कंट्रोलचं दार उघडत नाही, किंवा चार्ज रिलीफ उघडाच राहून दुसऱ्या टर्बोची हवा वाया घालवतो. दाबाच्या टाकीपासून शोध सुरू करा. बदलाच्या क्षणी ८ च्या ऐवजी ४-५ पर्यंत घसरण आणि मग सावरणं: दुसरा टर्बो आधी पुरेसा फिरत नाही, प्री-कंट्रोलचा पाइप आणि पिल तपासा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच कमी बूस्ट: पिल हरवली, किंवा इंटरकूलरच्या बाजूला सांधा सुटला.

एवढं करूनही सीक्वेन्शियल जमत नसेल, किंवा टर्बोंची दारंच गंजून मेली असतील, तर नॉन-सीक्वेन्शियल करा. तेव्हा टर्बो कंट्रोल आणि चार्ज कंट्रोल कायम उघडे राहतात, चार्ज रिलीफला प्लेट बसते, दोन्ही टाक्या आणि सोलेनॉइडची जवळजवळ सगळी रॅक निघून जाते. फक्त वेस्टगेट, रेग्युलेटर, बूस्ट सेन्सर, ब्लो-ऑफ, ब्रेक बूस्टर आणि ऑइल मीटरिंगच्या नळ्या एवढंच उरतं. बॉनेटखाली मोकळं वाटतं आणि वरच्या आरपीएमला ओढ सलग मिळते. किंमत म्हणजे खालचा जोर. बूस्ट पूर्ण भरायला साडेतीन-चार हजारांची वाट पाहावी लागते, आणि मूळ ईसीयूवर चालवत असाल तर ट्यूनिंगचा खर्च वेगळा. ट्रॅकवर त्याचं काही वाटत नाही. शहरातल्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, मागे ट्रक असताना वाटतं.

काढलेले सगळे भाग, सोलेनॉइड, ब्रॅकेट, मूळ व्हॉल्व्ह, नावं लिहिलेल्या पिशव्यांत घालून एका खोक्यात ठेवा. मूळ भाग मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे, आणि पुढचा गिऱ्हाईक ते खोकं आधी मागतो. साधारण ५०० किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा तपासा आणि टर्बोजवळचे झिपटाय बघा. उष्णतेने त्यातले दोन-चार तुटलेले असतील. तिथे स्टीलचे छोटे क्लॅम्प लावा.